परमुलखातील मंडळी

ख्रिस्ती धर्मात श्रद्धा ही एकट्याने जपण्याची गोष्ट मानलेली नाही. प्रार्थना खोलीचे दार लावून करता येते. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन मात्र मंडळीवाचून होत नाहीत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीला ख्रिस्ताचे शरीर म्हटले आहे, आणि शरीराचा कोणताही अवयव स्वतःपुरता जगत नाही, हे त्यात आलेच. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यापुढे थंडी, जेवण, भाषा आणि पैसा हे सर्वांना पडणारे प्रश्न तर असतातच; त्यांच्या जोडीला आणखी एक असतो. तिथल्या मंडळीत सामील व्हायचे म्हणजे नेमके कशात सामील व्हायचे? त्या लोकांच्या श्रद्धेत, त्यांच्या राहणीत, की त्यांच्या धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत? तिन्ही गोष्टी नवख्यापुढे एकाच ताटात वाढून येतात. त्यांतले काय घ्यायचे आणि काय बाजूला सारायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापुरातून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न नीट समजायचा, तर तो कोणत्या मंडळीतून निघतो हे आधी पाहावे लागते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले, १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले आणि १८६०च्या दशकात सोलापुरात आले. हे मिशनरी मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाचे होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, बिशपांची उतरंड नसावी, असे मानणारा हा पंथ. मिशनने सोलापुरात मुलींसाठी वोरोनोको शाळा चालवली, बालवाड्या काढल्या आणि बालवाडीच्या शिक्षिकाही तयार केल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स यांच्याबरोबर मिशनचा वारसा सांगणाऱ्या मराठी मंडळ्याही संयुक्त मंडळीमार्फत आल्या. सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात मोडतात. शहर मुळात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे असल्याने एकाच भाषेची, एकाच चालीची उपासना म्हणजेच ख्रिस्ती उपासना, असा समज इथे सहसा मूळ धरत नाही.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतला रविवार ठरलेला असतो. भेटल्यावर ‘सलाम’, मग ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गीते, पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजने, शास्त्रपाठ, उपदेश, अर्पण. प्रार्थनेच्या वेळी स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. घरात दुखणे आले की पाळक आणि मंडळीचे वडील दारात हजर होतात. कोणी बोलवावे लागत नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने मंडळी कधी निवडलेली नसते. ती आजी-आजोबांपासून चालत आलेली असते. परदेशात पहिल्याच रविवारी ती निवडावी लागते, आणि वारशाने आलेली गोष्ट एकदा निवडावी लागली की तिचे कोणते अंग मूळचे आणि कोणते अंगवळणी पडलेले, हे तपासणे ओघानेच येते.

पहिल्या शतकातला वाद

हा तपास ख्रिस्ती धर्माला नवा नाही. त्याचा पहिला मोठा वाद याच मुद्द्यावर झाला. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. ग्रीक आणि इतर लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा त्यांनी सुंता करून घ्यावी का, यहुद्यांचे अन्ननियम पाळावेत का, असा पेच पडला. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथील बैठकीची हकिकत आहे. नव्या लोकांवर सुंतेचे आणि संपूर्ण नियमशास्त्राचे ओझे लादू नये, मोजक्या गोष्टी मात्र त्यांनी वर्ज्य कराव्यात, असे तिथे ठरले. पण ठराव झाला म्हणून पंगत एक होतेच असे नाही. अंत्युखियात पेत्र आधी यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत असे; यरुशलेमहून काही माणसे आली तसा तो त्यांच्यातून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला, हे त्याने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. श्रद्धा मान्य असूनही पंगतभेद करणे म्हणजे श्रद्धाच नाकारणे, असा पौलाचा रोख होता.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात याची दुसरी बाजू येते. रोमच्या मंडळीत काही जण केवळ भाजीपाला खात, काही सर्व खात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असे पौल सांगतो. प्रत्येकाने आपल्या मनाशी खात्री करून घ्यावी, दुसऱ्याला मात्र अडखळण होऊ नये, एवढी त्याची अट आहे. म्हणजे मूळ शिकवणीत दोन सूत्रे एकत्र आहेत: पंगत एक असावी, आणि पानात काय घ्यायचे याचे स्वातंत्र्य असावे. पुढच्या काळात एक सूत्र धरताना दुसरे सुटले, असे वारंवार घडले.

पंडिता रमाबाई: वाँटेज आणि चेल्टनहॅम

मराठी इतिहासात या प्रश्नाची सर्वांत कसून झालेली परीक्षा पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्यात दिसते. दुष्काळात आई-वडील, मग भाऊ आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांना गमावून रमाबाई पुण्यात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जायचे ठरवले. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा राहिला. १८८३ च्या वसंतात दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत यांच्यासह त्या निघाल्या. वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्यांची सोय झाली होती. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, बदल्यात त्यांना राहण्याची जागा आणि इंग्रजीचे शिक्षण मिळावे, असा करार होता. आपण उपकाराखाली नाही, काम करून राहत आहोत, ही जाणीव रमाबाईंना महत्त्वाची वाटत होती. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत मात्र सोडावा लागला.

धर्मांतर करायचे नाही, असे ठरवून निघालेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यामागची दोन कारणे त्यांनी पुढे स्वतः सांगितली. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनीसंघाचे एक काम चाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवून पुन्हा उभे केले जाई. हे कशामुळे शक्य होते, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचायला मिळाली. दुसरे कारण म्हणजे नीळकंठ उर्फ नेहेम्या गोरे या मराठी ख्रिस्ती पंडिताशी झालेला पत्रव्यवहार. एक कारण डोळ्यांनी पाहिलेली सेवा, दुसरे स्वभाषिकाशी झालेला वाद. राहणीचे अनुकरण यात कुठेच नव्हते.

या वास्तव्याला एक काळी किनारही आहे. बाप्तिस्म्याच्या थोडेच आधी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परमुलखातले एकटेपण आणि धर्माबद्दलची घालमेल एकत्र आली की माणूस किती खचू शकतो, याची ही नोंद इतिहासात आहे, आणि ती वगळून रमाबाईंची यशोगाथा सांगणे योग्य नाही.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान शिकत. प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी याच काळात त्यांची प्रदीर्घ पत्रापत्री झाली. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपून ठेवली आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपाने आली. त्यातला वाद तीन पातळ्यांवर चालतो.

पहिली पातळी राहणीची. रमाबाई शाकाहारी राहिल्या, साडी सोडली नाही. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान शिल्लक असल्याचे दिसे. कोणी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि निरुपद्रवी सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का, असा रमाबाईंचा उलट सवाल होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत यालाही त्यांनी हरकत घेतली. आपल्या लोकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको, असे त्यांचे म्हणणे. दुसरी पातळी सिद्धान्ताची. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर त्या बीलबाईंशी शास्त्राचा आधार घेत वाद घालत. पटल्याशिवाय हो म्हणायची त्यांची तयारी नव्हती. तिसरी पातळी अधिकाराची. इंग्रज तरुणांना देशी भाषा शिकवण्याची संधी रमाबाईंपुढे आली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी स्त्रीने पुरुषांना शिकवण्याला विरोध केला. रमाबाईंना हे मान्य नव्हते. पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, एका देशाच्या चर्चच्या प्रत्येक आज्ञेने आपण बांधल्या गेलेल्या नाही, असे त्या मानत.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही हलकी नव्हती. ज्या मंडळीने बाप्तिस्मा दिला तिची शिकवण निवडून-पारखून घेणे म्हणजे स्वतःलाच प्रमाण मानणे, असे त्यांना वाटे. परंपरा एकट्याच्या तर्कावर तोलता येत नाही, हा आक्षेप ख्रिस्ती विचारात जुना आणि वजनदार आहे. सिद्धान्ताच्या पातळीवर तो दोघींमध्ये खरोखरच चर्चेचा होता. चूक झाली ती तिन्ही पातळ्यांना एकच माप लावण्यात: पुडिंग नाकारणे आणि त्रैक्याबद्दल शंका घेणे ही एकाच हट्टाची लक्षणे ठरली. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला निघाल्या. अमेरिकेत त्यांनी निरनिराळ्या पंथांच्या लोकांबरोबर काम केले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात त्यांनी मुक्ती मिशन वसवले. शेवटच्या काळात बायबलचे मूळ भाषांतून साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. इंग्लंडमध्ये क्रुसावरच्या अक्षरांसाठी धरलेला आग्रह असा संपूर्ण शास्त्रापर्यंत पोहोचला.

समान श्रद्धा, असमान स्थान

रमाबाईंच्या मागोमाग १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सोमरव्हिलमध्ये दाखल झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची स्थिती वेगळी होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलियांचे वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झाले होते. घरात इंग्रजी आणि अँग्लिकन वळण लहानपणापासूनचे. त्यांना पंथ शोधावा लागला नाही. तरीही १८९२ मध्ये त्यांना कायद्याची परीक्षा देता आली ती विशेष परवानगीने, आणि स्त्रियांना पदव्या द्यायला ऑक्सफर्ड १९२० पर्यंत तयार नव्हते. श्रद्धा आणि उपासना जुळली की समान स्थान आपोआप मिळते, असे नाही, हे या उदाहरणातून दिसते.

१९१० च्या एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया यांनी हीच उणीव बोलून दाखवली. मिशनऱ्यांनी त्याग केला, पैसा दिला, सेवा केली. आता मैत्री द्यावी, असे त्यांचे मागणे होते. पाहुण्याचा सत्कार करणारा यजमान श्रेष्ठच राहतो. मित्र मात्र आपल्या घरातले निर्णयही दुसऱ्यासमोर मांडतो. विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या संस्थांच्या मुळाशी हीच जाणीव होती. ब्रिटनमधील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १८८९ ची, वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन १८९५ चे. के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने १९२० साली लंडनमध्ये वायएमसीएचे भारतीय विद्यार्थ्यांसाठीचे वसतिगृह सुरू झाले, ते आज फिट्झरॉय चौकात आहे. भाड्याने खोली मिळणे कठीण असलेल्या काळात तिथे सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना आसरा आणि देशी जेवण मिळत असे.

आजचा विद्यार्थी

आज सोलापूरहून जाणाऱ्याला पंथांचा नकाशा थोडा सोपा आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अँग्लिकन कम्युनियन, जागतिक मेथडिस्ट परिषद आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ या तिन्हींचे सभासद आहे, म्हणून त्याच्या सभासदाला इंग्लंड, स्कॉटलंड किंवा अमेरिकेत यांपैकी कोणत्याही परंपरेच्या मंडळीत परके मानले जात नाही. निघताना पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. कॅथलिक विद्यार्थ्याला मिस्साविधी कुठेही ओळखीचा असतो. बहुतेक विद्यापीठांत चॅप्लन असतात. जर्मनीत प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद करताना अर्जावर धर्माचा रकाना असतो. तिथे मान्यताप्राप्त चर्चचे नाव लिहिले की प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्चकर लागू होतो. प्राप्तिकर भरण्याइतके उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला तो भरावा लागत नाही, पण नोकरी लागताच तो पगारातून कापला जातो. सोलापुरात अर्पणाच्या पाकिटात स्वखुशीने घातली जाणारी रक्कम तिथे कायद्याची बाब होते. सभासदत्व सोडायचे तर सरकारदरबारी तसे लिहून द्यावे लागते.

खरी अडचण उपासनेनंतर जाणवते. उपासना संपते, शेजारच्या दालनात कॉफी आणि बिस्किटे मांडलेली असतात. नाव, विषय, हवामान इतके बोलणे अगत्याने होते आणि वीस मिनिटांत दालन रिकामे होते. ‘कोणाच्या घरचा?’ असे विचारून पाचव्या मिनिटाला नाते शोधून काढणाऱ्या मंडळीत वाढलेल्याला हे तुटक वाटते. तिथल्या लोकांच्या लेखी तो समोरच्याच्या खासगीपणाचा मान असतो. दोन्ही चाली आहेत. कोणतीही एक अधिक ख्रिस्ती नाही. प्रभुभोजनाचेही तसेच. अनेक मराठी मंडळ्यांत द्राक्षांचा न आंबवलेला रस वापरतात. अँग्लिकन चर्चमध्ये एकाच प्याल्यातून खरा द्राक्षारस दिला जातो. दारूला न शिवणाऱ्या घरातला विद्यार्थी तिथे थबकतो. अशा वेळी नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होते, ही अँग्लिकन चर्चचीच शिकवण आहे, आणि पौलाचे रोमकरांस सांगणे इथे शब्दशः लागू पडते.

वेळ आणि पैसा यांचाही उपासनेवर ताण येतो. ब्रिटनमध्ये पदवी शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला साधारण वीस तासच काम करता येते, आणि दुकाने-उपाहारगृहांत ते काम बहुधा शनिवार-रविवारी मिळते. नाताळात तर उलटाच प्रकार. सोलापुरात त्या दिवशी उपासना झाली की करंज्या-शंकरपाळ्यांची ताटे शेजारीपाजारी फिरतात. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला रेल्वे बंद, लंडनच्या बस आणि भुयारी गाड्याही बंद. ज्याच्याकडे मोटार नाही आणि चर्च पायी जाण्याजोगे नाही, तो ख्रिस्ती देशात ख्रिस्तजन्माच्या दिवशी खोलीत अडकतो. मंडळीतल्या कोणी आधीच विचारून त्याला घरी नेले, तर त्या एका कृतीने वर्षभराच्या कॉफीची भरपाई होते.

मग स्वभाषिकांची मंडळी शोधावी का? मल्याळी ख्रिस्ती लोकांनी परदेशात आपल्या संस्था पक्क्या उभ्या केल्या आहेत. ग्रेट ब्रिटनमधील सिरो-मलबार धर्मप्रांत २०१६ मध्ये स्थापन झाला. तमिळ आणि तेलुगू मंडळ्याही अनेक शहरांत भरतात, त्यामुळे सोलापूरच्या तेलुगूभाषक ख्रिस्ती विद्यार्थ्याला आपल्या भाषेतली प्रार्थना मिळण्याची शक्यता मराठीभाषकापेक्षा अधिक. मराठी उपासना बहुधा कोणाच्या तरी दिवाणखान्यात, महिन्यातून एखाद्या संध्याकाळी होते. स्वभाषेतल्या मंडळीची बाजू भक्कम आहे: दुःखात माणूस मातृभाषेतच देवाला हाक मारतो. पण सर्व सहवास तेवढ्यापुरताच राहिला, तर अंत्युखियातली वेगळी पंगत पुन्हा मांडली जाते, या वेळी उलट्या बाजूने. स्थानिक मंडळी आणि स्वभाषिकांची प्रार्थनासभा यांतली एक निवडण्याचे धार्मिक बंधन कोठेच नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात भरभरून माया दाखवणारे आणि मग घरच्यांशी बोलणे, अभ्यास, मैत्री यांवर ताबा मागणारे काही गट विद्यापीठांच्या आसपास असतात. जिथे शंका विचारणे हेच पाप ठरते, तिथे थांबू नये. झोप उडणे, खाणे सुटणे, जगणे नकोसे वाटणे ही श्रद्धा कमी पडल्याची लक्षणे नव्हेत. त्यासाठी विद्यापीठाचे समुपदेशक आणि डॉक्टर यांच्याकडे जावे, आणि चांगली मंडळी स्वतःच तिकडे घेऊन जाते.

या सगळ्यातून मंडळी ओळखण्याची कसोटी हाती येते. नवख्याचे स्वागत किती गोड झाले, ही ती कसोटी नाही. वाँटेजलाही स्वागत मनापासूनच झाले होते. नवख्याला मंडळीत काम मिळते का: शास्त्रपाठ वाचणे, शब्बाथ शाळेत शिकवणे, पेटी वाजवणे, वार्षिक सभेत मत देणे. त्याचे पथ्यपाणी आणि पेहराव त्याच्यावर सोपवले जातात का. आणि सिद्धान्तावर मतभेद झाला तर तो मतभेद म्हणूनच ऐकला जातो का, हे पाहावे. श्रद्धा ही देवाणघेवाणीची गोष्ट आहे, राहणी ज्याची त्याची, आणि अधिकार पटवून देण्याच्या बळावर टिकतो. हे तिन्ही वेगळे ठेवणारी मंडळी विद्यार्थ्याला आपली वाटू लागते. आणि परदेशी विद्यार्थ्यापुरतीच नव्हे, तर शिक्षणासाठी खेड्यातून सोलापुरात आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींच्या बाबतीत सोलापूरच्या मंडळ्यांनाही हीच कसोटी लागू होते.